हत्ती निवाऱ्याच्या कामाच्या नोंदी : खानापूर तालुका (जि. बेळगाव)

१० ऑगस्ट २०२५ : काम का आणि किती

कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणी जैन मठातली माधुरी हत्तीण जुलैअखेर न्यायालयाच्या आदेशाने जामनगरला वनतारा केंद्रात गेली. तेव्हापासून निपाणी-चिकोडीपासून बेळगावपर्यंत एकच विचारलं जातंय, हत्ती आपल्याच भागात का राहू नये? मागणी रास्त आहे. पण न्यायालयासमोर मुद्दा होता तिच्या तब्येतीचा, आणि त्याला उत्तर म्हणून दाखवता येईल अशी एकही जागा कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात नव्हती. जोतिबाच्या सुंदर हत्तीचंही तेच झालं होतं. २००७ साली तो देवस्थानाकडे आला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१४ साली त्याला बंगळूरजवळ बन्नेरघट्ट्याला हलवावं लागलं. मध्ये इतकी वर्षं गेली, पण जवळपास जागा काही उभी राहिली नाही.

म्हणून खानापुरात असा निवारा उभारताना क्रम उलटा धरला आहे. आधी जमीन, पाणी, माती, माणसं. हत्ती सगळ्यात शेवटी.

आवाका : दोन प्रौढ हत्तिणी. एकीसाठी निवारा सुरू करायचा नाही, कारण हत्तीण कळपात राहणारी, आणि देवळा-मठांतल्या हत्तिणींचं निम्मं दुखणं एकटेपणाचं असतं. नर सध्या नको. मस्तीच्या (मद चढण्याच्या) काळात त्याला वेगळं, दुप्पट मजबूत आवार लागतं आणि ते पहिल्या टप्प्यात झेपणार नाही.

२४ ऑगस्ट २०२५ : जागा कुठे नको

कणकुंबी-जांबोटी बाजू पाहिली. हिरवळ भरपूर, पण पावसाळ्याचे चार महिने जमीन वाळतच नाही. सतत ओल्या चिखलात उभ्या राहणाऱ्या हत्तीच्या तळव्याची कातडी मऊ पडते, नखांच्या कडेला भेगा जातात, भेगांत घाण बसते आणि आत पू धरतो. पावसात रस्ता बंद पडला तर डॉक्टरही पोचत नाही.

लोंढा-नागरगाळी बाजूला अडचण वेगळी आणि जास्त गंभीर. तो रानहत्तींचा वावर आहे. काळी व्याघ्र प्रकल्प आणि दांडेलीच्या जंगलातून येणारे हत्ती खानापूरच्या पश्चिम आणि दक्षिण भागात फिरतात. २००२ साली याच बाजूने ते दोडामार्गात उतरले, पुढे चंदगड-आजऱ्यापर्यंत पोचले. अशा ठिकाणी माद्या बांधून ठेवल्या की रानातला नर येणारच. हत्तीचा खालच्या पट्टीतला आवाज आपल्याला ऐकू येत नाही, पण दुसऱ्या हत्तीला तो काही किलोमीटरवरून कळतो. नर आला की कुंपण मोडतं, माहुतांच्या जिवाला धोका होतो आणि शेजारच्या गावांत जास्त हत्ती ओढून आणल्याचा दोष निवाऱ्यावर येतो. त्याहून वाईट म्हणजे माणसांत राहिलेल्या हत्तीचा क्षयरोग जंगलातल्या हत्तींना लागू शकतो. भीमगड अभयारण्याच्या उंबऱ्यावर तो धोका पत्करायचा नाही.

लोकांना जंगलालगतची जागा हत्तीसाठी उत्तम वाटते. निवाऱ्यासाठी ती सगळ्यात वाईट.

राहिला तालुक्याचा पूर्वेकडचा पट्टा. पाऊस मध्यम, वर जांभ्याचा माळ, खाली ओढ्याकडे काळसर चिकण माती, जंगलापासून लांब आणि बेळगावहून गाडीरस्ता. तिथला २५ एकरांचा सलग तुकडा विचारात घेतला आहे.

७ सप्टेंबर २०२५ : उतारे

पहाणी उताऱ्यावर (जमिनीच्या सरकारी नोंदीवर) हिस्सेदारांची नावं एकत्र आहेत, पोडी म्हणजे मोजणी करून हिश्श्यांची फोड झालेली नाही. पोडी होऊन प्रत्येक हिश्श्याचा वेगळा नकाशा हातात आल्याशिवाय करार करायचा नाही. कुंपण घातल्यावर हद्दीचा वाद निघाला तर खांब उपटून पुन्हा रोवावे लागतात, आणि हे खांब साधे नसतात. करार किमान ३० वर्षांचा हवा. हत्ती ६०-७० वर्षं जगू शकतो. आज चाळिशीतली हत्तीण आणली तर पुढची पंचवीस-तीस वर्षं ती इथेच असणार. अकरा महिन्यांच्या कराराचं हे काम नव्हे.

२० सप्टेंबर २०२५ : पाण्याचा निचरा

पाऊस असतानाच चाचणी घेतली, कारण उन्हाळ्यात सगळीच जमीन चांगली दिसते. दोन फूट खोल आणि एक फूट रुंद खड्डे, पाण्याने काठोकाठ भरायचे, मुरलं की पुन्हा भरायचे आणि दुसऱ्या भरण्यानंतर दर तासाला पातळी किती उतरते ते पट्टीने मोजायचं. पहिल्या भरण्यातला उतार धरू नये. कोरडी माती पाणी शोषते ते त्यात मिसळतं.

माळावरच्या जांभ्यात पाणी पटकन उतरलं. ओढ्याकडच्या खड्ड्यांत दुसऱ्या दिवशीही ते उभं होतं. त्यावरून आराखडा ठरला. निवाऱ्याची शेड, रात्रीचं आवार आणि दवाखान्याचा ओटा वर जांभ्यावर. वैरण खाली चिकण मातीत. तळं मधल्या उतारावर, म्हणजे त्याचं सांडपाणी आपोआप वैरणीला जाईल.

५ ऑक्टोबर २०२५ : शेड आणि वाळू

प्रत्येक हत्तिणीला ९ मीटर × ६ मीटर जागा, छताची खालची कड ५.५ मीटरवर. त्याहून खाली पत्रा घेतला की सोंड पोचते, आणि पोचली की पत्रा राहत नाही. दिव्यांच्या वायरी, पाण्याचे पाइप, सीसीटीव्ही सगळं या उंचीच्या वर किंवा भिंतीपलीकडे.

खरा खर्च फरशीत आहे. आपल्याकडे हत्तीला काँक्रीटवर किंवा शहाबादी फरशीवर ठेवतात कारण धुवायला सोपं. पण तीन टन वजन रात्रभर त्या कठीण ओल्या फरशीवर उभं राहिलं की आधी तळवा जातो, मग सांधे. हत्ती दिवसाला पन्नासेक लिटर मूततो. निचरा नसेल तर तो त्यातच उभा असतो. शिवाय म्हातारी, सांधे धरलेली हत्तीण सपाट कडक जमिनीवर आडवीच होत नाही. उठता येणार नाही ही भीती तिला असते. हत्तीची झोप तशी तीन-चार तासांचीच, तीही उभ्याने काढावी लागली तर ती झिजत जाते.

म्हणून तळापासून वर असे थर ठरवले : ठोकलेला मुरूम, त्यावर ओढ्याच्या बाजूला उतार देऊन ९ इंच मोठी खडी आणि त्यात छिद्रांचा पाइप, मग बारीक खडी, त्यावर जाळीचं कापड आणि सर्वांत वर ६० सेंटिमीटर वाळू. जाळीचं कापड गाळलं तर वर्षभरात वाळू खडीत उतरून निचरा बुजतो.

५४ चौरस मीटर × ०.६ मीटर म्हणजे ३२.४ घनमीटर, साधारण साडेअकरा ब्रास एका हत्तिणीमागे. त्याशिवाय कोपऱ्यात पाच-सहा फूट उंचीचा वाळूचा ढीग. त्या उतारावर अंग टेकून हत्तीण अर्धवट आडवी होते आणि उठताना तिला पूर्ण वजन उचलावं लागत नाही. रोज सकाळी ढीग पुन्हा रचायचा.

क्रशरची न धुतलेली एम-सँड (दगड भरडून केलेली वाळू) तपासून बाजूला ठेवली. तिच्यातली भुकटी ओली झाली की घट्ट बसून सिमेंटसारखा थर होतो आणि कण टोकदार असल्याने कातडी घासते. धुतलेली, गोल कणांची, परवान्याची वाळूच घ्यायची.

वैरण वाळूवर टाकायची नाही. घासासोबत वाळू पोटात जाते, आतड्यात साठते आणि पोटशूळ उठतो. त्यासाठी पुढच्या बाजूला खराट्याने रेघा ओढलेल्या खरबरीत काँक्रीटचा ओटा, आणि थोडी वैरण उंचावर जाळीत टांगून. टांगलेली वैरण ओढून खाण्यात तिचा वेळही जातो.

२६ ऑक्टोबर २०२५ : वैरण

प्रौढ हत्तिणीला दिवसाला १५० ते २०० किलो हिरवी वैरण. दोघींची ४०० किलो धरली तर वर्षाला १४६ टन. बागायती संकरित नेपियर गवताचं उत्पन्न पुस्तकात बरंच मोठं असतं. इथल्या मातीत आणि भारनियमनात एकरी ६० टनच धरलं. त्या हिशेबाने अडीच एकर पुरतं, पण एक कापणी बुडाली तर हत्ती उपाशी राहू शकत नाही, म्हणून ४ एकर.

लागण तीन फूट × दोन फूट अंतरावर, दोन डोळ्यांच्या कांड्या, एकरी सुमारे ७,५०० कांड्या. पहिली कापणी ७५ दिवसांनी, मग ४५ ते ६० दिवसांनी. सगळी लागण एकाच आठवड्यात करायची नाही. दर पंधरवड्याला अर्धा एकर, म्हणजे कापणीही त्याच क्रमाने येत राहते.

नुसत्या नेपियरवर हत्ती ठेवता येत नाही. वड, पिंपळ, उंबर, फणस यांच्या फांद्या, बांबू आणि केळीचे खुंट रोजच्या फेऱ्यात हवेत. फांदी सोलून खाताना दाढा नीट झिजतात. बांधावर वड-उंबराची खोडं आणि बांबूची बेटं पुढच्या पावसाच्या आरंभी लावायची. छाटणीयोग्य व्हायला तीन-चार वर्षं जातील, तोवर गावातल्या झाडांची छाटणी विकत घ्यायची.

उसाचं वाडं आपल्याकडे गळिताच्या हंगामात ढिगाने मिळतं आणि सगळे तेच सुचवतात. त्यात ऑक्झलेट जास्त असतं, ते शरीरातला कॅल्शियम बांधून ठेवतं. वाडं एकूण वैरणीच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त द्यायचं नाही आणि तणनाशक मारलेल्या फडातलं अजिबात आणायचं नाही. भाताचं पिंजर फक्त जोडीला. कोरडं पिंजर जास्त आणि पाणी कमी झालं की शेणाचा खडा होऊन पोट अडतं. पिंजराची गंजी आतून तापली किंवा पांढरी बुरशी दिसली तर ती पेंडी कंपोस्टमध्ये टाकायची, झटकून पुन्हा वापरायची नाही.

वरचं खाणं नाचणी आणि हुलग्याचं. नाचणी खानापुरात पिकते. शिजवून, निववून, मीठ आणि थोडा गूळ घालून गोळे करायचे. औषध द्यायला हेच गोळे कामी येतात.

१६ नोव्हेंबर २०२५ : कुंपण

पश्चिमेकडे भातं कापून पडलीत आणि रानहत्तींच्या बातम्या रोज येताहेत. कुंपणाचं काम याच महिन्यात समजून घेणं बरं, कारण काय टिकतं आणि काय मोडतं ते शेतांतच दिसतं.

आतलं कुंपण लोखंडी, रात्रीच्या एक एकराच्या आवाराला. चौरस आवाराचा घेर सुमारे २५५ मीटर. दर ३ मीटरला सहा इंची जाड पाइप, आत काँक्रीट भरलेला, जमिनीवर अडीच मीटर आणि खाली दीड मीटर. म्हणजे ८५ खांब. जमिनीपासून पहिला आडवा पाइप अशा उंचीवर की माणूस खालून सरपटत बाहेर पडू शकेल, आणि प्रत्येक बाजूला माणूस आडवा होऊन निसटेल इतकी एक उभी फट. हत्तीण उलटली तर माहुताला दाराकडे धावायला वेळ नसतो.

बाहेरचं कुंपण सौर झटक्याचं, २५ एकरांभोवती, जमिनीच्या आकारामुळे दीड किलोमीटर धरलं आहे. झटका मशीन सेकंदाला साधारण एक ठोका सोडतं. दाब हजारो व्होल्टचा, पण ठोका क्षणाचाही छोटा हिस्सा टिकतो, म्हणून जीव जात नाही, धडा बसतो. घरच्या लाइनची वायर थेट तारेला जोडली की तोच सापळा होतो. त्यात हत्ती मरतात, गुरं मरतात, पहाटे पाणी पाजायला निघालेला शेतकरीही मरतो. हे आसपासच्या प्रत्येक गावात पुन्हा पुन्हा सांगावं लागेल.

झटका मशीन निकामी दिसलं की बहुतेक वेळा मशीन ठीक असतं, आर्थिंग गेलेलं असतं. जांभा डिसेंबरनंतर कोरडाठाक होतो आणि सळईभोवती विजेला वाट राहत नाही. म्हणून आर्थिंग माळावर न करता ओढ्याकाठच्या ओल्या चिकण मातीत : तीन सळया, एकमेकींपासून ३ मीटरवर, भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती), आणि तिथून जाड वायर मशीनपर्यंत. दुसरं कारण गवत. श्रावणात वाढलेलं गवत खालच्या तारेला टेकलं की दाब गळतो. कुंपणाखालची तीन फूट पट्टी पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी साफ करायची. मोजणी मशीनजवळ न करता कुंपणाच्या सर्वांत लांबच्या टोकाला करायची. तिथे ५,००० व्होल्टच्या खाली आकडा आला की त्याच दिवशी सगळी लाइन चालून बघायची.

सुळा विजेला जवळपास वाहक नसतो, त्यामुळे दंतवाला नर सुळ्याने खांब ढकलतो आणि तारेला सोंड लावत नाही. काही हत्ती सुकी ओंडकी तारेवर टाकून वाट करतात. तारेपलीकडे, सुळा पोचणार नाही अशा जागी खांब रोवले तर यातलं पुष्कळ टळतं.

चर खणण्याचा विचार सोडला. तीन मीटर रुंद, तीन मीटर खोल चराच्या कडा इथल्या पावसात ढासळतात, एक-दोन वर्षांत गाळाने उतार होतो आणि हत्ती चालत पार जातो. शिवाय त्यात गावची गुरं पडतात.

७ डिसेंबर २०२५ : क्षयरोग आणि विलगीकरण

या विषयावर तडजोड नाही. हत्तीला होणारा क्षयरोग बहुतेक वेळा माणसाचाच असतो, माणसाकडून हत्तीला आणि हत्तीकडून पुन्हा माणसाला. अमेरिकेत टेनेसीतल्या एका हत्ती आश्रयस्थानात २००९ साली विलगीकरणातल्या हत्तीला हा रोग होता. लागण हत्ती सांभाळणाऱ्यांपुरती थांबली नाही; गोठ्याला जोडलेल्या कचेरीत बसणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही ती झाली. हवा एकच होती, आणि जोराच्या फवाऱ्याने गोठा धुताना जंतू हवेत उडत होते.

त्यातून तीन गोष्टी आराखड्यात घेतल्या. विलगीकरणाची शेड बाकी इमारतींपासून सुटी, किमान १०० मीटरवर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला आणि तीन बाजूंनी उघडी. कचेरी, स्वयंपाकघर, माहुतांच्या खोल्या यांची भिंत कोणत्याही शेडला लागून नाही. धुण्यासाठी साधी नळी आणि खराटा. प्रेशर मशीन आणायचंच नाही.

तपासणी सोंड धुऊन होते. सुमारे ६० मिलिलिटर निर्जंतुक सलाइन नाकपुडीत सोडायचं, सोंड वर धरायला लावायची आणि नंतर पिशवीत फुंकायला लावायचं. असे तीन नमुने तीन वेगवेगळ्या दिवशी. जंतू वाढवून बघायला आठ आठवड्यांपर्यंत लागतात, म्हणून विलगीकरण महिन्याचं ठरवणं निरर्थक आहे. अहवाल येईपर्यंत हत्तीण तिथेच. आणि नमुना मिळण्यासाठी तिला सोंड उचलून फुंकायला आधी शिकवावं लागतं. मारून हे जमत नाही. प्रत्येक माहूत, कावाडी (माहुताचा मदतनीस), वैरण कापणारा यांची छातीची तपासणी कामावर येण्याआधी आणि नंतर दर वर्षी.

२१ डिसेंबर २०२५ : तळं

१५ मीटर × १० मीटर, सर्वांत खोल भाग अडीच मीटर. उतार सौम्य. त्यापेक्षा उभा केला की म्हातारी हत्तीण उतरते पण चढत नाही. वर येण्याच्या वाटा दोन आणि समोरासमोर. एकच वाट ठेवली तर दांडगी हत्तीण ती अडवून धरते आणि दुसरी पाण्यात अडकते.

जांभ्यात पाणी टिकणार नाही, म्हणून तळाला ओढ्याकडची चिकण माती फूटभर, पाणी मारून थर थर दाबत. वर मुरूम, प्लास्टिक नको, नखाने फाटतं आणि तुकडा पोटात जातो. सरासरी खोली १.३ मीटर धरली तर साठा सुमारे दोन लाख लिटर. उन्हाळ्यात दिवसाला ७ मिलिमीटर वाफ होते असं धरलं तर १५० चौरस मीटरवरून हजारेक लिटर रोज उडणार. पिण्याचं पाणी वेगळं, प्रत्येकीला १०० ते २०० लिटर. धुणं, अंघोळ, स्वयंपाक मिळून रोजचे ४,००० लिटर लागतील. नेपियरचं पाणी यात नाही.

११ जानेवारी २०२६ : परवानग्या

हत्ती वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. मालकीचं प्रमाणपत्र नसलेला हत्ती घ्यायचा नाही आणि हत्तीसाठी एक रुपयाचाही व्यवहार करायचा नाही. विक्रीला बंदी आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या बंदिस्त हत्ती हस्तांतरण नियमांनंतर वाट अशी : अर्ज उपवनसंरक्षकांकडे, जागेची आणि हत्तीची प्रत्यक्ष पाहणी, पशुवैद्यकाचा अहवाल, मग मुख्य वन्यजीव रक्षकांचा निर्णय. हत्तीची जनुकीय नोंद केंद्राच्या प्रणालीत नसेल तर हस्तांतरण होत नाही. हत्तीण महाराष्ट्रातली असेल तर दोन्ही राज्यांच्या वनखात्यांचा संबंध येतो, आणि नांदणी असो की निपाणी, हत्तीला सीमा माहीत नसली तरी कागदाला असते.

२५ जानेवारी २०२६ : दर्शन

टेनेसीत होहेनवाल्डला १९९५ साली टारा या एका हत्तिणीपासून आश्रयस्थान सुरू झालं. तिथे लोकांना आत सोडत नाहीत, कॅमेऱ्यातून हत्ती दाखवतात. आपल्याकडे ते तसंच्या तसं चालणार नाही. इथली माणसं हत्तिणीला देवाच्या जागी मानतात, पिढ्यान्‌पिढ्या तिच्या हातचा आशीर्वाद घेत आलीत. त्यांना भिंत दाखवली तर निवारा गावचा होणार नाही.

ठरलं ते असं : आवारापासून ६० मीटरवर सावलीचा माळा, सकाळी ठरावीक वेळ, हत्तीण त्या बाजूला आली तर दिसेल, बोलावून आणायची नाही. पाठीवर बसणं, सोंडेचा आशीर्वाद, फोटोसाठी उभं करणं नाही. केळी, नारळ, गूळ आणला तर स्वयंपाकघराच्या खिडकीत द्यायचा. तिथे वजन करून फळ्यावर लिहायचं आणि त्या दिवशीच्या खाण्यात बसेल तेवढाच वापरायचा. देवळातल्या हत्तिणींचं वजन वाढतं ते याच प्रेमाच्या केळ्यांनी, आणि वाढलेलं वजन पुन्हा पायांवरच येतं.

१५ फेब्रुवारी २०२६ : माणसं, आणि राहिलेलं

प्रत्येक हत्तिणीमागे एक माहूत, एक कावाडी. शिवाय वैरणीला दोघे, रात्रीला एक. पगार वर्षभराचा आधीच बाजूला काढून ठेवायचा. माहूत चार महिन्यांनी सोडून गेला की हत्तीणही बिथरते.

सकाळचं पहिलं काम पाय. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, अशी अठरा नखं. हत्तीण गजांच्या आडून पाय फटीतल्या ठोकळ्यावर ठेवते, कोमट पाण्याने आणि मऊ ब्रशने तळवा धुवायचा, मग बोटाने दाबत जायचं. गरम लागलं, पाय मागे घेतला, किंवा नखाच्या मुळाशी काळी रेघ दिसली तर वहीत त्या नखाचा क्रमांक आणि डॉक्टरला फोन. वाढलेली कड कानशीने रोज थोडी घासायची, एकदम कापायची नाही. अंकुश या आवारात येणार नाही.

पोडीचे नकाशे मिळाले. वैरणीची पहिली अर्ध्या एकराची लागण झाली, डोळे फुटलेत. बोअरचं पाणी आज पुरतं आहे, पण फेब्रुवारीतला आकडा धरून चालणार नाही. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सलग पंप चालवून, बादली आणि घड्याळ लावून तो पुन्हा मोजायचा. रोजचे ४,००० लिटर आणि वैरणीचं पाणी त्या आठवड्यात निघालं तरच उपवनसंरक्षकांकडे अर्ज द्यायचा. नाही निघालं तर आधी ओढ्यावर बंधारा आणि अर्ज पुढच्या वर्षी.